बैलांच्या ओळखीचा रस्ता

घाटाखालच्या वैशाखरे गावचा विठू दिवसाकाठी मोजून आठ-दहा शब्द बोलायचा, आणि त्यातले निम्मे बैलांशी. ‘हं’, ‘बरं’, ‘वाढ’ आणि ‘चल’ एवढ्यावर त्याचा संसार चालला होता. त्याची बायको राही लग्न होऊन आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. पहिले काही महिने तिला वाटलं, नवरा रुसलाय. मग वाटलं, लाजतोय. भातकापणीचे दोन-चार हंगाम उलटल्यावर तिने ते मनावर घेणंच सोडून दिलं. माणूस कष्टाळू होता, दारूला शिवत नव्हता, बायकोवर हात उगारत नव्हता. शिवाय घरात सासू होती आणि थोरली नणंद ठमी होती. ठमी विधवा होऊन माहेरी परतली होती आणि एकटी दहा जणांचं बोलायची. त्यामुळे घर काही मुकं वाटत नसे.

एक गोष्ट मात्र राही विसरली नव्हती. त्यांची पहिली मुलगी रंगू चार वर्षांची होऊन तापाने गेली. राही आठ दिवस जेवली नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. विठू तिसऱ्याच दिवशी कोयता घेऊन रानात गेला. त्याच्या डोळ्यांतून पाण्याचा टिपूस आलेला कुणी पाहिला नाही. पुढे भिमा झाला, तो रांगला, चालला, शाळेत जायला लागला, तरी ते तिच्या मनातून गेलं नव्हतं. तिने त्याला कधी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

दर वर्षी पौषात म्हसा गावची जत्रा आटोपली की विठू गाडी जुंपायचा. गावातल्या दहा-बारा घरांचं भात गाडीत भरायचा, वर बांबूंची मोळी बांधायचा आणि पाच दिवसांची वाट तुडवत पार अर्नाळ्याला, समुद्राकाठी जायचा. तिथल्या कोळ्यांना भात हवं असे, मासळी वाळवायच्या मांडवांसाठी बांबू हवे असत. त्यांच्याकडून सुके बोंबील, जवळा आणि मीठ घेऊन तो बारा-तेरा दिवसांनी परतायचा. पावसाचे चार महिने गावाच्या भाकरीला चव असायची ती त्या गाडीमुळे. कुणी विचारलं, “काय रे विठू, कसा झाला रस्ता?” की तो म्हणायचा, “झाला.”

छप्पन साली माघ महिन्यात गाडी भरून तयार होती. निघायच्या आदल्या दिवशी विठू राबाला, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, टाळाच्या फांद्या तोडायला ऐनाच्या झाडावर चढला आणि फांदीसकट खाली आला. उजवा पाय मांडीत मोडला. ठाकरवाडीतल्या बुध्याने येऊन हाड बसवलं, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, “दोन महिने बाजेवरनं उतरायचं नाय. उतरलास तर पाय माझा नाय.”

संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली. गाडीचं काय करायचं? ज्यांच्या घरी बैल होते त्यांची माणसं राबाच्या कामाला जुंपलेली होती. भावकीतला वडीलधारा यमाजी चिलीम ओढत बसला होता. तो काही ठरवायच्या आत दारातून राही म्हणाली, “मी जाते.”

यमाजीने चिलीम खाली ठेवली. “कुठं?”

“अर्नाळ्याला. गाडी भरलेली हाय, बैल तयार हायेत.”

“अगो, बाईमानूस कधी गाडी घेऊन गेलंय का तिकडं? वाट तरी ठावी हाय का तुला? कल्याणच्या पुढं तू काय बघितलंस?”

“कल्याण तरी कुठं बघितलंय,” राही म्हणाली.

ओट्यावर हशा पिकला. तेवढ्यात बाजेवरून आवाज आला, “बैलांना ठावी हाय.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. विठू चारचौघांत बोलला होता. त्याने म्हटलं म्हणजे झालंच. राहीसोबत कोण जाणार याचा फारसा विचार करावा लागला नाही. ठमीने तोवर स्वतःचं लुगडं धडप्यात बांधून घेतलं होतं.

सकाळी राही निरोप घ्यायला बाजेशी गेली. विठू छताकडे बघत म्हणाला, “मोऱ्याला डाव्या अंगाला ठेव. खैऱ्याला पानी पाजल्याबिगर चढणीला घालू नको. ते जिथं थांबतील तिथं थांब.” पंधरा वर्षांत तो तिच्याशी एका दमात एवढं बोलला नव्हता. ती उठायला लागली तसा तो आणखी काहीतरी पुटपुटला. त्याचे कान तांबडे झाले होते. “रस्त्यात लोक काय काय बोलतील. मनावर घेऊ नको.”

बाईमाणूस गाडी हाकतंय म्हणून लोक हसतील, असंच तो म्हणत असणार, असं राहीला वाटलं.

पहिला दिवस टोकावडं, मुरबाड असा ओळखीच्या मुलखातच गेला. राही पुढे धुरीवर बसून गाडी हाकत होती आणि ठमी पोत्यांवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपण कुठे चाललो ते सांगत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी रायते गावाच्या अलीकडे एका चिंचेखाली मोऱ्या आणि खैऱ्या आपणहून थांबले. राहीने शेपटी पिळली, चुचकारलं, पण ते हलेनात. चिंचेखाली चहाचं छोटंसं हॉटेल होतं. त्यातून एक म्हातारा धोतराला हात पुसत बाहेर आला.

“आला का रे नटसम्राट! अरे, गाडी तीच, बैल तेच, मग विठू कुठं?”

राहीने पदर पुढे ओढला. नवऱ्याचं नाव ती कशी घेणार? ठमीच वरून म्हणाली, “माझा भाऊ तो. झाडावरनं पडला, पाय मोडलाय. ही त्याची बायको.”

म्हातारा दोन पावलं पुढे आला. त्याने राहीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “तू राही? तरसाला मुसळानं लोळवलंस ती?”

राहीला काही कळेना. दोन वर्षांपूर्वी एक कोल्हा कोंबड्यांवर आला होता खरा. तिने मुसळ भिरकावलं होतं. ते गोठ्याच्या कुडाला लागलं आणि खालचं मडकं फुटलं. कोल्हा आपल्या पायाने निघून गेला होता.

“कोल्हा होता तो,” ती हळूच म्हणाली.

“विठू सांगत होता, तू असंच म्हनशील. मोठेपना घ्यायला आवडत नाय म्हने तुला.” म्हाताऱ्याने दोघींना बाकावर बसवलं, चहा ठेवला आणि सांगत सुटला. विठू आला की त्याच्या हॉटेलात माणसं उठायचं नाव घेत नाहीत. तुमच्या गावात यमाजी म्हणून कुणी आहे का? त्याची नक्कल तर अशी करतो की खोकलासुद्धा हुबेहूब. आणि राहीच्या हातची नाचणीची भाकरी कशी पापुद्र्याची असते, हे त्याने इतक्यांदा सांगितलंय की एकदा म्हाताऱ्याच्या बायकोने चिडून विठूला चहाच दिला नाही.

ठमीच्या हातातली बशी तशीच राहिली होती.  शेवटी ती म्हणाली, “आमचा विठू? बोलतो?”

“बोलतो? त्याला गप कर म्हनून बैलांना सांगावं लागतं!”

निघताना म्हाताऱ्याने एका फडक्यात चिंचा बांधून दिल्या. “या अर्नाळ्याच्या गोदूला द्या. म्हनावं, विठूनं कबूल केलेल्या चिंचा.”

गाडी पुन्हा रस्त्याला लागली.  मग पोत्यांवरून ठमीने विचारलं, “गोदू कोन गो?”

“मला काय ठावं, वन्सं.”

“हं,” ठमी म्हणाली. त्या ‘हं’मध्ये सगळं होतं. राहीने विनाकारण खैऱ्याच्या पाठीवर चाबूक ओढला आणि लगेच तिलाच वाईट वाटलं.

भिवंडीत बैल एका नालबंदाच्या दारात थांबले. पांढऱ्या दाढीचा नालबंद चाचा बैलांच्या खुरांवरूनच गाडी ओळखून बाहेर आला. “अरे, विठूभाई की गाडी!” त्याला सगळी हकीगत कळली तेव्हा तो हळहळला, मग राहीकडे बघून त्याने कपाळावर हात मारला. “या अल्ला! बिबट्याला मुसळ मारनेवाली भाभी इतनीसी?”

राहीने ठमीकडे पाहिलं. रायत्याला तरस होता, भिवंडीत त्याचा बिबट्या झाला होता. ती सांगायला तोंड उघडणार तोच ठमीने तिला कोपराने ढोसलं. “हाय तो बिबट्या तर बिबट्या. मानूस आपलेपनानं बोलतंय.”

चाचाने दोन्ही बैलांचे नाल तपासले. खैऱ्याचा एक ढिला झालेला नाल काढून नवा ठोकला. ठोकताना तो सांगत होता की गेल्या साली विठूने त्याच्या आजारी आईपुढे बसून तिला असं हसवलं होतं की तिने दोन दिवसांनी पहिल्यांदा पेज घेतली. राही ऐकत होती. हा माणूस कोण, असं तिला वाटायला लागलं होतं. आपण त्याला कधी पाहिलेलंच नाही. आणि त्या गोदूपुढे तो काय काय बोलत असेल?

या विचारात असल्यामुळेच असेल, चौथ्या दिवशी बैलांनी कामणच्या पुढे सडक सोडली आणि ते उजवीकडच्या गाडीवाटेला उतरले, तेव्हा तिने त्यांना तसंच जाऊ दिलं. विठू याच वाटेने जायचा. मिठागरांच्या कडेने, एक उथळ ओहोळ ओलांडून गेलं की मोठा वळसा वाचायचा. पण तो पाण्याची वेळ बघून जायचा, आणि ते काही बैलांना समजत नव्हतं. ओहोळात घोटाभर पाणी होतं, तळाला चिखल होता. गाडी मध्यावर आली तेव्हा राहीचं लक्ष पाण्यावर तरंगणाऱ्या एका पानाकडे गेलं. पान डोंगराच्या दिशेने चाललं होतं.

तिने नीट पाहिलं. तिच्या मुलखात पाणी डोंगरातून निघतं आणि खाली जातं. डोंगराकडे परत येणारं पाणी तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

“वन्सं, पानी माघारी चाललंय.”

“काय बोलतेस गो?”

“उतरा खाली. आधी उतरा!”

तिने उडी मारली तेव्हा पाणी पोटरीला लागलं. तिने मोऱ्याची वेसण धरून त्याला वळवायला सुरुवात केली. मोऱ्या ऐकेना. त्याच्या हिशेबाने वाट पुढे होती आणि दर वर्षी तो पुढेच गेला होता. राहीने त्याच्या मानेला मिठी मारून सगळा भार टाकला, आणि लग्नापासून कधी न काढलेल्या आवाजात त्याच्यावर ओरडली. मोऱ्या दचकून वळला. त्याच्यामागे खैऱ्या वळला. ठमी गुडघाभर चिखलात उभी राहून चाकाला खांदा लावत होती आणि सगळ्या देवांना नावानिशी हाका मारत होती. बांधावरून मिठागरातले चार गडी फावडी टाकून धावत आले. त्यांनी मागून रेटा दिला आणि गाडी काठावर आली.

दोघी बांधावर धापा टाकत बसल्या. त्यांच्या डोळ्यांदेखत ओहोळ भरत गेला. गाडी होती तिथे थोड्या वेळाने माणूस बुडेल एवढं पाणी झालं. एक गडी म्हणाला, “आनखी जरा उशीर केला असतास तर बाय, सगल्या खाडीची भाताची पेज झाली असती. तुला कसं समजलं भरती हाय ती?”

“मला नाय समजलं,” राही म्हणाली. “पान उलटं चाललं होतं.”

तिथून पुढे तिने बैलांवर सोडलं नाही. प्रत्येक फाट्यावर ती उतरायची, माणूस दिसेल त्याला विचारायची आणि मगच वळायची. आगाशीच्या केळीच्या बागा मागे पडल्या, वाळू लागली, चाकं जड झाली, आणि माडांच्या फटीतून तिला समुद्र दिसला.

भात लावायच्या आधी खाचरात पाणी साठतं तसं ते पाणी, पण त्याला पलीकडे बांधच नव्हता. तिने बांध शोधत नजर लांबवर नेली आणि ती तशीच लांब जात राहिली. ठमी म्हणाली, “एवढं पानी आनि कुनाच्या लावनीला उपेगाचं नाय!” पण ती हातही जोडत होती. समोर पाण्यात काळा किल्ला उभा होता. त्या बेटावरच कोळ्यांची घरं होती.

किनाऱ्यावर बैल थांबले. होडीजवळ उभी असलेली एक रुंद खांद्याची, कासोटा घातलेली बाई ओरडतच धावत आली. “ईठू रं! यंदा किती उशीर!” आणि जवळ येऊन थबकली. तिने राहीकडे पाहिलं. “आगो बाय माझे. ही तर राही!”

“तुमी गोदू?” राहीने विचारलं. चार दिवस तिने या बाईशी मनातल्या मनात किती भांडणं केली होती. त्यातलं एकही वाक्य आता आठवेना.

“मीच गोदू. तू वाघाला मारलंस, दोन पिल्लांसकट आलेल्या ढाण्या वाघाला, आनि तू एवढीशी चिंगळी?” गोदूने तिला सरळ उचलूनच घेतलं. “ओ राघो, बघा कोन आलं!” होडीतून तिचा नवरा राघो दोर सोडून हसत उतरला. ठमीने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं, तो गोदूचा धडधाकट नवरा आहे याची खात्री केली, विठूच्या पायाचं सांगितलं आणि चिंचांची पुरचुंडी पुढे केली.

बैल किनाऱ्यावर राघोच्या भावाच्या अंगणात बांधले आणि भात होडीतून बेटावर गेलं. राही होडीत बसली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले होते. अर्ध्या वाटेत तिने ते उघडले आणि मग मिटले नाहीत. बेटावर जिकडेतिकडे बांबूंचे मांडव होते आणि त्यांवर जोडी-जोडीने अडकवलेले बोंबील वाऱ्यावर हलत होते. चहूकडे खारं पाणी, आणि किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर. राहीने ते पाणी तीनदा पिऊन पाहिलं.

दोन दिवस त्या गोदूच्या घरी राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बोंबील उलटताना राहीने विचारलं, “इथं ते येवढं बोलतात. घरी का नाय बोलत वो?”

गोदू हातातलं काम न थांबवता म्हणाली, “घरी कुनापुढं बोलंल? आईपुढं, बहिनीपुढं बायकोचं कौतुक केलं त लोक हसतील. आनि तुझ्यापुढं त त्याची जीभच वळत नाय. मला म्हनतो, ती समोर आली का मी काय बोलनार होतो तेच इसरतो.” मग तिने राहीकडे पाहिलं. “तुला एक दावायचं हाय.”

घरातून तिने पत्र्याचा एक डबा आणला. आत शिंपले होते. छोटे, गुलाबी, नखाएवढे.

“दर वर्षाला तो रंगूला शिंपले नेयाचा. येचून येचून नेयाचा, फुटका एक नाय. पोर गेली त्या साली आला तवा पन सवयीनं येचलं. ओंजळ भरली आनि मंग त्याला आठवलं. तिथं, त्या वाळूत बसला. सकालपासून दिस मावळेपर्यंत. रडला गो तो. राघो आनि मी, दोघं बाजूला बसून होतो. ओंजळ काय सोडीना. शेवटाला मीच त्याच्या हातांतनं काढून घेतलं. टाकवंना, म्हनून ठेवलं.”

राही डबा मांडीवर घेऊन बसली. गोदू उठून बोंबील उलटायला गेली. बऱ्याच वेळाने राहीने पदराने तोंड पुसलं, डबा गोदूच्या फडताळावर जागच्या जागी ठेवला आणि ती मांडवाशी येऊन कामाला लागली.

संध्याकाळी शेजारच्या बायका त्या वाघवालीला बघायला जमल्या. त्यांनी फारच आग्रह धरला. राहीने एकदा ठमीकडे पाहिलं, पदर खोचला आणि सांगायला सुरुवात केली. वाघ कुठून आला, त्याचे डोळे कसे होते, पिल्लं त्याच्या मागे कशी उभी होती, आणि मुसळ त्याच्या नेमकं कुठे बसलं. ठमी मधूनमधून म्हणत होती, “मी बघितलंय ना, मी तिथंच होते.”

परतीचा रस्ता लवकर सरला असं दोघींना वाटलं. गाडी वैशाखऱ्यात शिरली तेव्हा अर्धं गाव मागे होतं. भिमा आजीचा हात सोडून धावत आला. यमाजीने स्वतः बैल सोडले. ठमी ओट्यावर बसून भरतीची गोष्ट सांगू लागली आणि तिच्या गोष्टीत मिठागराचे गडी आलेच नाहीत, सगळी गाडी तिनेच ओढून काढली. राही बाजेशी गेली. विठूने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर छताला लावली.

“गाडी आली,” राही म्हणाली.

“हं.”

“वाघाला पिल्लं किती होती वो?”

विठूच्या कानांवरून तांबडेपणा मानेपर्यंत उतरला.  मग तो म्हणाला, “दोन.”

राही हसली. इतकी की तिला बाजेच्या पायाला धरून खाली बसावं लागलं. तिचं हसू ओसरल्यावर ती म्हणाली, “गोदूनं डबा दावला.”

 बाहेर ठमीचा आवाज चढत होता. राही उठायला लागली तेव्हा तो म्हणाला, “पायात काटा मोडला तरी हसायची ती.”

“व्हय,” राही म्हणाली, आणि पुन्हा खाली बसली. त्या संध्याकाळी चूल उशिरा पेटली.

विठूचा पाय बरा झाला, पण आखूड राहिला. लांबवर गाडी हाकणं त्याला जमेना. म्हणून पुढच्या माघापासून दोघं मिळून जायला लागली. राही धुरीवर आणि विठू मागे पोत्यांवर. मुरबाड सुटलं की त्याला कंठ फुटायचा. सुरुवातीला तो तिच्यासमोर अडखळायचा, वाघ पुन्हा कोल्हा व्हायचा. मग राहीच मागे न बघता म्हणायची, “अवो, पिल्लं राहिली,” आणि गाडी सुरळीत चालायची. असे सहा माघ गेले. घरी तो पूर्वीसारखाच गप्प असायचा, फक्त एखाद्या वेळी चुलीपाशी येऊन बसायचा आणि दोन-चार वाक्यं बोलून जायचा.

पुढे लॉऱ्या आल्या. मुरबाडच्या बाजारात सुकी मासळी पोत्यांनी येऊन पडू लागली, आणि बासष्टनंतर अर्नाळ्याला गाडी गेली नाही. मोऱ्या म्हातारा होऊन दारातच मेला. भिमा मोठा होऊन कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर लागला. पासष्टच्या थंडीत विठू चार दिवसांच्या तापाने गेला. रायत्याचा म्हातारा काठी टेकत दहाव्याला आला आणि यमाजीच्या शेजारी बसून मुलासारखा रडला. हा कोण, कुठला, हे गावातल्या कुणाला समजेना. राहीने त्याला पाणी दिलं आणि सगळ्यांना सांगितलं, “यांचा दोस्त.”

गोदूला बातमी उशिरा कळली. तिने आयुष्यात समुद्रकाठ सोडला नव्हता, पण ती आगगाडीने आणि एस.टी.ने विचारत विचारत उन्हाळ्यात टोकावड्याला उतरली आणि पाटीत सुकट घेऊन वैशाखऱ्यापर्यंत चालत आली. घाटाचे कडे बघून ती बावरली. रात्री ते अंगावर पडतील की काय म्हणून ओट्यावर झोपायला तयार होईना. आठ दिवस राहिली. राही कामं करायची, पण जेवणावर तिचं मन नव्हतं, हे गोदूच्या लक्षात आलं. जायच्या दिवशी ती म्हणाली, “चल माझ्यासंगं. माझं माहेर सातपाटीला. भाऊ कधीचा बोलवतो. राघो घरी जाळी शिवत बसतील, आपून दोघी जाऊ.”

“ह्या वयात?”

“मंग काय पुढल्या जन्मात?”

ठमी घर सांभाळायला होतीच. तिनेच राहीचं गाठोडं बांधून दारात ठेवलं.

अर्नाळ्याहून होडीने खाडी ओलांडून दोघी दातिवऱ्याला उतरल्या. तिथून कधी बैलगाडी, कधी एस.टी., अशा समुद्र धरून उत्तरेला निघाल्या. समुद्र डाव्या हाताला होता. खिडकीशी कोण बसणार यावरून दोघींचं एडवणपर्यंत भांडण चाललं, शेवटी कंडक्टरने राहीला डाव्या खिडकीशी बसवलं. सुरूची झाडं आली, पानवेलींचे हिरवेगार मळे आले, वाळत घातलेल्या मासळीचा वास आला. राही प्रत्येक गावाचं नाव विचारत होती. मागच्या बाकावर एक म्हातारा एकटाच कुठेतरी चालला होता. तो दिसला तशी ती वळून त्याच्याशीही बोलू लागली. कुठले, काय करता, बैल आहेत का? बोलता बोलता तिने त्याला हसवलं. गोदू तिच्याकडे बघत राहिली.

केळव्याला गाडी थांबली तेव्हा राहीला पाण्यात एक छोटासा किल्ला दिसला.

“तिथं कोन ऱ्हातं?”

“कोन नाय. पडका हाय.”

“कधी बघितलास?”

“शंभरदा गेले इथनं. आत कशाला जाऊ?”

“मंग चल,” राही म्हणाली आणि गाठोडं उचलून उतरलीसुद्धा. गोदू शिव्या घालत तिच्यामागे उतरली. कंडक्टरने घंटी मारली, गाडी सातपाटीच्या वाटेला लागली. ओहोटी लागली तशा दोघी ओल्या वाळूवरून किल्ल्याकडे चालत गेल्या. त्या दिवशी त्यांना दुसरी गाडी मिळाली नाही. गोदूच्या ओळखीच्या एका कोळिणीकडे मुक्काम करून त्या दुसऱ्या दिवशी सातपाटीला पोचल्या तेव्हा गोदूचा भाऊ दारात उभा राहून काळजीने तापलेला होता. राहीने त्याच्या हातचं पाणी घेतलं, ओट्यावर पाय पसरून बसली आणि किल्ल्यात काय काय पाहिलं ते त्याला पहिल्यापासून सांगू लागली.